बेस गिटारचं कॅबिनेट घरी बनवताय? आधी स्पीकरचा कागद वाचा, लाकूड मागाहून

बेस वाजवणारी नवीन पोरं माझ्याकडे येतात तेव्हा पहिला प्रश्न हमखास एकच, प्लाय कुठलं घेऊ. मी प्रत्येकाला सांगतो, प्लायच्या दुकानात अजून जाऊच नका. आधी स्पीकर ठरवा, त्याचा आकड्यांचा कागद हातात घ्या, त्यावरून डब्यात हवा किती लागेल ते काढा आणि लाकूड अगदी शेवटी. दिसायला कॅबिनेट म्हणजे लाकडी डबा, पण आतली हवा स्प्रिंगसारखी काम करते आणि प्रत्येक स्पीकरला आपल्या मापाची स्प्रिंग लागते. सुंदर सागवानी डबा करून त्यात मिळेल तो स्पीकर बसवलेला मी पाहिलाय, दिसायला देखणा आणि ई तार वाजवली की नुसता बदबद आवाज, खूप वाईट वाटलं कारण मेहनत खरंच केली होती पोराने.

आपण इथे बारा इंची एका स्पीकरचं, ८ ओहमचं, पोर्ट म्हणजे हवा आतबाहेर करणारं पाइपाचं भोक असलेलं, साधारण ६० लिटरचं कॅबिनेट करूया. पहिल्यासाठी हेच बरं. एकट्याने उचलता येतं, हॅचबॅकच्या मागच्या सीटवर बसतं, आणि पुढे तसंच दुसरं केलं की दोन्ही मिळून लग्नाचा हॉल किंवा जत्रेचा मंडप आरामात भरतो.

आधी थोडं सुरांबद्दल, कारण इथेच बऱ्याच जणांचा गैरसमज होतो. चार तारांच्या बेसची मोकळी ई तार ४१ हर्ट्झवर वाजते, ए ५५ वर, डी ७३ वर, जी ९८ वर. पाच तारांचा बेस असेल तर खालची बी तार जवळपास ३१ हर्ट्झ. मग वाटतं की डब्याने ४१ पर्यंत सपाट आवाज दिलाच पाहिजे. तसं नसतं. ई वाजवली की तिच्यात ८२ हर्ट्झचा, १२३ चा, असे वरचे स्वर भरपूर असतात आणि आपला कान त्यावरून खालचा सूर स्वतःच जुळवून घेतो. अँपेग कंपनीने १९६९ मध्ये ३०० वॅटचा एसव्हीटी नावाचा बेस अँप आणला, त्याच्यासोबतचा आठ दहा-इंची स्पीकरांचा बंद डबा आजही रॉकवाल्यांचा लाडका आहे, आणि त्या घराण्यातल्या ८१० ई मॉडेलचा आवाज कंपनीच्याच आकड्यांप्रमाणे ५८ हर्ट्झपासून खाली उतरायला लागतो. तरी कोणी म्हणत नाही की त्यात बेस नाही. म्हणून ४५ ते ५० हर्ट्झपर्यंत दमदार असलेला डबा बॅंडला पुरतो. लहान डबा, मोठा आवाज आणि खोल खर्ज, तिन्ही एकदम मिळत नाहीत, दोन निवडायचे आणि तिसऱ्यात तडजोड करायची.

आता स्पीकरचा कागद. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि नंतर रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकात हे गणित नीट मांडलं, म्हणून या आकड्यांना थील-स्मॉल पॅरामीटर म्हणतात. सगळे पाठ करायची गरज नाही. एफएस म्हणजे स्पीकर मोकळ्या हवेत कुठल्या हर्ट्झला आपणहून डोलतो. क्यूटीएस म्हणजे त्या डोलण्याला आवर किती. व्हीएएस म्हणजे कोनाच्या, म्हणजे स्पीकरच्या पुढेमागे हलणाऱ्या पडद्याच्या, लवचिकपणाइतकी लवचिक हवा किती लिटर. आणि एक्समॅक्स, कोन एका बाजूला किती मिलिमीटर नीट सरकू शकतो, बेससाठी हा माझ्या मते वॅटपेक्षा महत्त्वाचा आकडा. खोक्यावर ५०० वॅट छापलंय आणि एक्समॅक्स ३ मिमी असेल तर कॉइल जळायच्या कितीतरी आधी कोन फडफडायला लागतो. मी बारा इंचीमध्ये एफएस ४० ते ५०, क्यूटीएस ०.३ ते ०.४५, एक्समॅक्स ५ मिमी किंवा जास्त आणि सेन्सिटिव्हिटी, म्हणजे दिलेल्या पॉवरला आवाज किती, ९५ डेसिबलच्या वर असा बघतो. सेन्सिटिव्हिटीवर कंजुषी करू नका कारण ३ डेसिबल कमी म्हणजे तेवढ्याच आवाजाला दुप्पट पॉवर लागते.

गाडीतला सबवूफर वापरायचा मोह होईल, नको. त्यांची सेन्सिटिव्हिटी कमी असते, बोटांचा आणि फ्रेटचा आवाज म्हणजे वरचा भाग ते वाजवतच नाहीत, बेस नुसता घुमतो आणि कुठला सूर चाललाय ते ड्रमरलाही कळत नाही. पीएचे, म्हणजे कार्यक्रमाच्या साउंड सिस्टिमचे, वूफर चालतात, पण कागद असेल तरच. विकणारा कागद देत नसेल, वेबसाइटवरही आकडे नसतील, तर तो स्पीकर घेऊ नका, कितीही स्वस्त असला तरी.

बंद डबा की पोर्टवाला हे ठरवायला एक सोपा हिशोब आहे, एफएसला क्यूईएसने भागा, क्यूईएस म्हणजे क्यूटीएसमधला फक्त विजेच्या बाजूचा आवर, तोही कागदावर असतो. उत्तर ५० च्या खाली आलं तर बंद डबा, १०० च्या आसपास किंवा वर आलं तर पोर्टवाला, मधे असेल तर दोन्ही चालतात. मग विनआयएसडी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात कागदावरचे आकडे टाका आणि ५०, ६०, ७० लिटर असं करून आलेख बघत बसा. एक संध्याकाळ यात घालवाच. १०० हर्ट्झच्या आसपास उंचवटा दिसला तर तो डबा खोलीत घुमणार, थोडा उतरता आलेख प्रत्यक्षात छान लागतो कारण भिंती खर्ज वाढवतातच.

ओहमचं आत्ताच बघून घ्या. अँपच्या मागे किमान ओहम लिहिलेले असतात, बऱ्याच अँपचे ४. आठ ओहमचे दोन डबे समांतर जोडले की ४ होतात, म्हणजे बरोब्बर. पहिलाच डबा ४ ओहमचा केला तर दुसरा जोडल्यावर २ होतात आणि बहुतेक अँप ते सहन करत नाहीत. म्हणून ८ च घ्या. एका डब्यावर अँपची पूर्ण पॉवर मिळणार नाही, पण दुसऱ्यासाठी वाट मोकळी राहते. आणि कोणाकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या ट्यूबवाला अँप असेल तर स्पीकर न जोडता तो कधी वाजवायचा नाही, ट्रान्सफॉर्मर जाऊ शकतो.

मापं. आतून उंची ४८ सेमी, रुंदी ४० आणि खोली ३४ घेतली की ४८ गुणिले ४० गुणिले ३४ म्हणजे ६५,२८० घन सेमी, ६५ लिटर. त्यातले तीनेक लिटर स्पीकर खातो, एकेक लिटर पोर्टचा पाइप आणि आतले आडवे टेकू, राहिले साठ. हे वजा करायला लोक विसरतात. आणि तिन्ही मापं सारखी करू नका, चौकोनी ठोकळ्यात एकाच स्वराला आतली हवा घुमते.

पोर्टसाठी ४ इंची पीव्हीसी पाइप, जो आपल्याकडे कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. बाहेरून ११० मिमी, पण हिशोबाला आतला व्यास लागतो आणि तो पाइपाच्या जाडीप्रमाणे बदलतो, म्हणून दुकानातच मोजा. डब्याची हवा पोर्टमधून ज्या हर्ट्झला आपणहून डोलते ते त्याचं ट्यूनिंग. सूत्र असं, सेमीमधल्या आतल्या व्यासाचा वर्ग गुणिले २३५६२.५, त्याला डब्याचे लिटर गुणिले ट्यूनिंगच्या हर्ट्झचा वर्ग याने भागा, आणि उत्तरातून व्यासाची ०.७३ पट वजा करा. व्यास १० सेमी, डबा ६० लिटर, ट्यूनिंग ४५ हर्ट्झ धरलं तर २३,५६,२५० भागिले १,२१,५०० म्हणजे १९.४, वजा ७.३, पाइप १२.१ सेमी लांब. व्यास १०.४ निघाला तर साडेतेराच्या जवळ जातो, बघा चार मिलिमीटरने किती फरक पडला. लांबीत मात्र एक सेमी इकडेतिकडे झालं तर ट्यूनिंग एखाद हर्ट्झच हलतं, तेव्हा पाइप कापताना हात थरथरायला नको. या बारा सेंटिमीटरमध्ये प्लायची जाडीही मोजायची आणि पाइपाचं आतलं टोक मागच्या फळीपासून निदान १० सेमी लांब पाहिजे, आपल्या ३४ च्या खोलीत ते सहज बसतं.

आता लाकूड, आणि इथे गोव्यात राहणाऱ्यांनी जरा लक्ष द्या. माझा पहिला डबा एमडीएफचा होता. कापायला लोण्यासारखं, कडा एकदम सरळ, मी खूश. फोंड्याला तळमजल्यावर भाड्याची खोली होती, डबा जमिनीवरच ठेवायचो. जुलैच्या मधल्या आठवड्यात खालची कड बोटाने दाबली तर भिजलेल्या पावासारखी मऊ, १८ मिमीची फळी फुगून पार बेढब झालेली आणि स्क्रू नुसत्या हाताने बाहेर आला. एवढं गणित करून बनवलेला तो डबा, त्या दिवशी मला खरंच रडू आलं. आपल्या पावसात एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड नकोच. मरीन प्लाय घ्या, त्यावर आयएस ७१० चा शिक्का असतो, बजेट कमी असेल तर आयएस ३०३ मधलं बीडब्ल्यूआर, म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारं, घ्या. ताव घेताना चारही कडा न्याहाळा, थरांमध्ये पोकळ्या दिसल्या तर परत करा, कारण खर्जाला त्या पोकळ्या करकरतात आणि आवाज कुठून येतोय ते जन्मात सापडत नाही. जाडी १८ मिमी. नंतर सवय झाली की १२ मिमी आणि जास्त टेकू असा हलका डबा करता येतो, पहिल्यांदा १८ च.

आठ बाय चार फुटांच्या एका तावात दोन डबे निघतात. एका डब्याला वरची आणि खालची फळी ४३.६ बाय ३९.६ सेमी, दोन बाजू ४८ बाय ३९.६, पुढची आणि मागची ४८ बाय ४०. तावाच्या लांबीला ३९.६ च्या दोन पट्ट्या आणि ४० ची एक पट्टी काढली की सगळं बसतं आणि टेकूंना तुकडे उरतात. ३९.६ यासाठी की आतली खोली ३४, दोन्ही फळ्यांची जाडी ३.६, आणि पुढे जाळी आत बसायला २ सेमी.

कापणं मात्र मेस्ताकडून, म्हणजे सुताराकडून करून घ्या. घरी हातातल्या सॉवर मी पुष्कळ प्रयत्न केलाय, दोन मिलिमीटर तिरकं गेलं की चारही सांधे उघडे राहतात. ज्या वर्कशॉपमध्ये पॅनल सॉ आहे तिथे ताव घेऊन जा, मापं कागदावर मोठ्या अक्षरात लिहून द्या आणि सांगा की मेस्ता, काटकोन नव्वदच पाहिजे, कपाटाचं पाठलं नव्हे हे. आमच्या मेस्ताने पहिल्यांदा विचारलं होतं की एवढ्या छोट्या खोक्याला मरीन कशाला, मग एकदा गिटार घेऊन गेलो आणि त्याच्याच वर्कशॉपमध्ये वाजवून दाखवली. कडेला बसून ऐकत राहिला, आणि त्यानंतर माझं काम तो स्वतःच्या हाताने कापतो, पोराला देत नाही. पुढची-मागची फळी दीड-दोन मिमी कमीच कापायला सांगा, नाहीतर गोंद लावल्यावर आत जात नाही.

जोडणी. आधी सगळं कोरडं लावून बघा, गोंद न लावता. मग बाजूच्या फळ्यांच्या आतून २ सेमी चौकोनी लाकडी पट्ट्या गोंद आणि स्क्रूने बसवा, ज्यांना पुढची-मागची फळी टेकणार. वॉटरप्रूफ फेविकॉल मरीन हात न आखडता लावा, क्लॅम्प आवळल्यावर सांध्यातून गोंदाचे थेंब बाहेर यायला हवेत, आले नाहीत तर आत कुठेतरी कोरडं राहिलंय समजा. ओल्या फडक्याने लगेच पुसा. चोवीस तास हलवू नका, पावसाळ्यात दोन दिवस. स्क्रू आधी बारीक भोक पाडून मगच, आणि स्टेनलेस स्टीलचे, आपल्या खाऱ्या हवेत काळे स्क्रू दोन वर्षांत गंजतात आणि रंगातून तांबडे डाग वर येतात.

टेकू म्हणजे उरलेल्या प्लायच्या ५ सेमी रुंद पट्ट्या, एक डाव्या बाजूपासून उजवीपर्यंत आणि एक पुढून मागे, अगदी मध्यावर नको, जरा बाजूला. बोटाच्या पेराने फळी ठोकून बघा. टेकूआधी धब्ब असा लांबणारा आवाज येतो आणि नंतर टक्क असा आखूड, तो टक्क येईपर्यंत टेकू हवेत.

स्पीकरचं भोक कागदावर दिलेल्या कटआउटच्या व्यासाचंच, स्पीकरच्या बाहेरच्या कडेचं नव्हे. खिळा, आणि पट्टीला दोन भोकं, एकात खिळा एकात पेन्सिल, झाला कंपास. आतल्या बाजूला ड्रिलने भोक पाडून जिगसॉ घाला आणि रेषेच्या किंचित आतून सावकाश फिरवा. पोर्टचं भोक खालच्या कोपऱ्यात, आतल्या पट्ट्या चुकवून. मास्क आणि चष्मा घाला, प्लायची धूळ छातीला वाईट. स्पीकरला लाकडी स्क्रू लावू नका, फळीच्या आतून टी-नट, म्हणजे लाकडात रुतणारे दातेरी नट, ठोका आणि बोल्टने आवळा, पुढे स्पीकर शंभर वेळा काढलात तरी भोकं सैल होत नाहीत.

मग सगळे आतले सांधे सिलिकॉनने भरा, बोटाने दाबून, पाइपभोवतीही. आतल्या तीन भिंतींना इंचभर जाडीचा पॉलिस्टरचा थर चिकटवा, उशीत घालतात तोच, पण पोर्टच्या तोंडापासून लांब. पुढच्या फळीला काही नको.

वायर घरगुती वायरिंगची अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची. मागे स्पीकॉन, म्हणजे फिरवून अडकवायच्या स्पीकर प्लगचं सॉकेट, वन प्लसला स्पीकरचा प्लस, वन मायनसला मायनस. साधा जॅक टाळा, तो अर्धवट ओढला गेला की शॉर्ट होतो. आणि अँपपासून डब्यापर्यंत गिटारची केबल कधीच नाही, ती बारीक असते आणि तापते, स्पीकर केबल वेगळीच. प्लस-मायनसची खात्री करायला दीड व्होल्टचा सेल घ्या, सेलचा प्लस वायरच्या प्लसला लावा, कोन पुढे यायला हवा. मागे गेला तर वायर उलटी. एका डब्यात हे उलटं राहिलं आणि दोन डबे शेजारी लावले की खर्ज एकमेकांना खाऊन टाकतो.

स्पीकरच्या कडेखाली फोमची टेप, बोल्ट समोरासमोरचे आवळत जायचे, गाडीच्या चाकाचे आवळतो तसे. आणि आता माझी सगळ्यात आवडती पायरी. मोबाइलवर टोन जनरेटरचं अॅप घ्या, अँपला जोडा, आवाज कमी ठेवा, ७० हर्ट्झपासून हळूहळू खाली या आणि कोनाकडे बघत राहा. कोन जास्त जास्त हलत जातो आणि मग ४५ च्या आसपास एकदम शांत होतो, जवळजवळ थांबतोच, आणि हात पोर्टसमोर धरला तर तिथे वारा लागतो. तेच तुमचं ट्यूनिंग, त्या ठिकाणी काम हवा करतेय. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मी घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं होतं. आणखी खाली गेलात की कोन मोकाट सुटतो कारण त्याला आतल्या हवेचा आधार राहत नाही, म्हणून तिथे जोरात वाजवू नका, आणि पुढे कार्यक्रमात ३५ हर्ट्झचा हाय-पास फिल्टर, म्हणजे त्याखालचे सूर अडवणारा, कायम चालू ठेवा. ही एक गोष्ट स्पीकरचं आयुष्य वाढवते.

कोन थांबतच नसेल तर डबा गळतोय. टोन साठला ठेवा, पंखा बंद करा आणि देव्हाऱ्यातली उदबत्ती पेटवून प्रत्येक सांध्यावरून, सॉकेटच्या कडेवरून, स्पीकरच्या रिंगवरून सावकाश फिरवा. धुराची रेघ सरळ वर जात असते आणि फटीपाशी आली की थरथरते. माझ्या दुसऱ्या डब्यात सांधे सगळे ठीक होते, धूर थरथरला तो मागच्या सॉकेटच्या एका स्क्रूच्या भोकापाशी, तांदळाच्या दाण्याएवढी फट, आणि तेवढ्याने ई तार फुसफुसत होती. सिलिकॉनचा एक थेंब लावला, दुसऱ्या दिवशी वाजवलं तर आवाज एकदम घट्ट.

बाहेरून रेक्झिन लावा नाहीतर पॉलियुरेथेन रंगाचे तीन हात. मी रंगाच्या बाजूचा, कारण रेक्झिनखाली ओल शिरली की दिसत नाही. कापलेल्या कडा, स्पीकरच्या भोकाची आतली गोलाई आणि तळ यांना एक हात जास्त द्या, पाणी तिथूनच पितं प्लाय. कोपऱ्यांना प्लास्टिकचे कॉर्नर, वर पट्ट्याचं हँडल, खाली रबरी पाय. तयार डबा स्पीकर धरून वीसेक किलोपर्यंत जातो.

दुसरा डबा केलात की तो पहिल्याच्या शेजारी नको, वर ठेवा. शेजारी ठेवले की समोर मध्यावर झकास आणि बाजूला बसलेल्यांना वरचे स्वर गायब, वर ठेवले की सगळीकडे सारखं पोचतं आणि वरचा स्पीकर तुमच्या कानाजवळ येतो म्हणून तुम्हीच आवाज कमी ठेवता. मोठ्या आवाजाची चाचणी संध्याकाळीच आटपा, लाउडस्पीकरच्या नियमात रात्री १० ते सकाळी ६ बंदी आहे आणि खर्ज शेजाऱ्याच्या भिंतीतून आरपार जातो.

काम शक्यतो नोव्हेंबर ते मे मध्ये करा, ताव आणल्यावर आठवडाभर खोलीत उभा ठेवून मग कापा. जून लागला की डबा जमिनीपासून दोन विटांवर किंवा लाकडी पट्ट्यांवर, भिंतीपासून वीतभर लांब, स्पीकरचं तोंड सुती चादरीने झाकून. प्लास्टिकने गुंडाळू नका, आत घाम धरतो आणि कोनावर बुरशी येते. आठवड्यातून एकदा अर्धा तास वाजवा.